इनलाइन एक्सएमएलमध्ये एक्सपोर्ट करताना अ‍ॅनोटेशन्स गळतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बातम्यांच्या मजकुरावर आम्ही वाक्यं, अवतरणं आणि नावं असे तीन थर मार्क केले आहेत (म्हणजे अ‍ॅनोटेशन्स). टूलमध्ये सगळं नीट दिसतं. इनलाइन एक्सएमएल (मजकुरातच टॅग घातलेली फाइल) काढलं की काही अवतरणं गायब! एरर नाही, वॉर्निंग नाही. मोजणी जुळवून पाहिली म्हणून कळलं.

हे बघा. टूल पूर्णविरामावर वाक्य तोडतं, त्यामुळे अवतरण एका वाक्यात सुरू होऊन दुसऱ्याच्या मध्येच संपतं. हाताने टॅग लावले ते असे (‘वा’ म्हणजे वाक्य, ‘अव’ म्हणजे अवतरण):

<वा>तो म्हणाला, <अव>“मी येतो.</वा> <वा>तुम्ही थांबा,”</अव> आणि निघाला.</वा>

पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) ही फाइल उघडतच नाही. आत उघडलेला टॅग आतच बंद व्हायला हवा, एवढं समजलं.

दुसरी अडचण ‘उत्तर आणि दक्षिण कोरिया’ची. ‘उत्तर … कोरिया’ हे नाव दोन तुकड्यांत मार्क केलं होतं. फाइलमध्ये फक्त ‘दक्षिण कोरिया’ उरलं.

ज्यांना फाइल द्यायची आहे त्यांना मजकूर आणि टॅग एकत्रच वाचायचे आहेत. कोण काय बोललं हाच आमच्या कामाचा गाभा, त्यामुळे एकही अवतरण गमावणं परवडणार नाही. कुणी यातून वाट काढली आहे का?

प्रतिसाद १:
न सांगता गाळणं ही टूलची चूक, पण मूळ मर्यादा एक्सएमएलचीच. अवतरणाचे वाक्यागणिक तुकडे करा, प्रत्येकाला वेगळा आयडी द्या आणि ‘पुढचा’, ‘मागचा’ अशा अ‍ॅट्रिब्यूटने (टॅगमध्येच लिहिलेल्या जादा माहितीने) जोडा. टीईआय या मजकूर टॅग करण्याच्या मानकातही ही पद्धत आहे. मात्र नंतर नुसते टॅग मोजू नका, एकच अवतरण दोनदा मोजलं जाईल. कोरियाचंही जमेल: ‘उत्तर’ हा एक तुकडा आणि त्याचा जोडीदार ‘कोरिया’ हा ‘दक्षिण कोरिया’च्या टॅगच्या आत.

तरी मूळ प्रत स्टँडऑफच ठेवा, म्हणजे मजकूर वेगळा आणि अ‍ॅनोटेशन्स ऑफसेटने (मजकुरात कुठून कुठपर्यंत, त्या आकड्यांनी). इनलाइन फाइल त्यातून वाचण्यापुरती काढा. ऑफसेट कशात मोजलेत ते मात्र आधी तपासा. ‘कोरिया’ डोळ्यांना ३ अक्षरं, पण कोड पॉइंट (युनिकोडमधली चिन्हं, मात्रा वेगळ्या धरून) ६ आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत १८ बाइट.

प्रतिसाद २ (धागाकर्ता):
मनापासून आभार! तुकडे जोडल्यावर अवतरणांची मोजणी जुळली. ऑफसेटही तपासले, ‘कोरिया’ची लांबी १८ येते, म्हणजे बाइटच. पायथन (प्रोग्रॅमिंग भाषा) कोड पॉइंट मोजतो, तेव्हा स्टँडऑफ प्रत वाचताना सगळे ऑफसेट बदलून घेतो.