नवी पूल क्यू घेताना हाताला काय लागते, हे कसे ताडून पाहावे?

वर्तकनगरकर

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षे मी घोडबंदर रस्त्यालगतच्या एका पार्लरमध्ये पूल, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने मारून भोकांत (पॉकेटमध्ये) पाडायचा खेळ, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी खेळतो. आजवर तिथल्या रॅकमधली जी क्यू (खेळायची काठी) त्यातल्या त्यात सरळ दिसेल ती उचलून काम भागवत आलो, पण आता स्वतःची क्यू असावी असे मनापासून वाटते आहे. वीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. ही रक्कम माझ्यासाठी लहान नाही, त्यामुळे घ्यायची ती एकदाच आणि नीट विचार करून घ्यावी, अशी इच्छा आहे.

गेल्या दोन रविवारी ओळखीच्या खेळाडूंकडून मागून तीन क्यू खेळून पाहिल्या. पहिली साध्या मेपल लाकडाच्या शाफ्टची (क्यूचा पुढचा, निमुळता भाग), १३ मिमी टिपेची (बॉलला लागणारे टोक) आणि पोलादी जॉइंटची (दोन भागांचा सांधा) होती. तिची टिप कडक होती आणि बॉलला लागताच ‘टक्’ असा कोरडा, स्वच्छ आवाज येत असे. दुसरीचा शाफ्टही मेपलचाच, पण कमी डिफ्लेक्शनचा (बाजूला मारल्यावर बॉल नेमाच्या रेषेवरून कमी निसटवणारा), ११.७५ मिमीचा, आणि टिप अनेक थरांची व मऊ होती. तिने मारताना बॉल क्षणभर टिपेवर विसावतो आणि मग निघतो, असे वाटत राहिले. तिसरीचा शाफ्ट कार्बन फायबरचा, १२.४ मिमीचा, आणि टिप मध्यम. तिचा आवाज पोकळ आणि परका वाटला, पण शाफ्ट बोटांतून इतका सहज सरकला की पुन्हा लाकडी क्यू हातात घेतल्यावर तीच चिकट वाटू लागली.

अडचण अशी आहे की सर्वांत आवडली ती दुसरी क्यू, आणि सर्वांत जास्त शॉट चुकले तेही तिनेच. मधोमध मारलेले शॉट बरोबर जात होते, परंतु बाजूची फिरकी दिली की सोपे कट, म्हणजे बॉलला तिरके मारून पाडायचे शॉटसुद्धा पॉकेटच्या कडेला लागून बाहेर येत होते. पहिल्या क्यूने बॉल पडत होते, पण हाताला काही सुख नव्हते. हाताला जे लागते त्यावर किती विसंबावे आणि पैसे नेमके कशासाठी मोजावेत, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

पारसिक_डोंगर

तुम्ही प्रत्येक क्यूचे वर्णन इतक्या काळजीने केले आहे की त्यातच अर्धे उत्तर सापडते. तुम्ही तीन क्यू ताडून पाहिल्या असे म्हणता, पण मला वाटते की तुम्ही मुख्यतः तीन टिपा ताडून पाहिल्या. कडक टिपेचा कोरडा आवाज आणि मऊ टिपेवर बॉल विसावल्याचा भास हे दोन्ही जितके टिपेचे गुण आहेत, तितके शाफ्टचे नाहीत. तीच पहिली क्यू मऊ टिप लावून दिली असती, तर तुमचे मत कदाचित वेगळे झाले असते. टिप काही शे रुपयांत बदलता येते आणि शाफ्ट बदलायला हजारो लागतात, म्हणून हा भेद आधी करावा.

आता विसावण्याच्या भासाबद्दल. टिप आणि बॉल यांचा स्पर्श साधारण एक-दोन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. मऊ टिपेत तो किंचित लांबतो इतकेच. हाताला काही जाणवून त्यावर आपण काही करावे, याच्या कितीतरी आधी बॉल निघून गेलेला असतो. आपल्याला जाणवते ते लाकडातून मुठीपर्यंत आलेले कंपन आणि कानावर पडलेला आवाज, आणि यात कानाचा वाटा आपण समजतो त्याहून फार मोठा आहे. मी एकदा कानांत कापसाचे बोळे घालून दोन क्यू आलटून पालटून खेळलो, तेव्हा ज्या फरकाबद्दल मी वर्षभर छातीठोकपणे बोलत होतो तो जवळजवळ नाहीसा झाला. याचा अर्थ हाताला लागणे खोटे आहे असा मुळीच नाही. जी क्यू आवडते तिने आपण सैल हाताने, न घाबरता मारतो, आणि पुढचा शॉट त्यामुळेच सुधारतो. मात्र बॉल कुठे जाईल हे त्या सुखावरून ठरत नाही.

ते ठरते डिफ्लेक्शनवरून, आणि तुमचे कट का चुकले याचे कारणही तिथेच आहे. क्यू बॉलला, म्हणजे क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलला, उजवीकडे मारले की तो नेमाच्या रेषेवरून थोडा डावीकडे निसटतो. शाफ्टच्या टिपेकडच्या पाच-आठ इंचांत वजन जितके जास्त, तितके हे निसटणे जास्त. कमी डिफ्लेक्शनचे शाफ्ट करताना नेमके तेवढ्याच भागातले वजन घटवतात. आतून पोकळी ठेवतात, फेरूल (टिपेखालचे छोटे टोपण) आखूड आणि हलके बसवतात. रॅकमधल्या क्यूचे टोक सहसा जाड आणि जड असते. चार वर्षांत तुमच्या डोळ्याने तिच्या निसटण्याची भरपाई नकळत शिकून घेतली आहे, आणि दुसऱ्या क्यूने तुम्ही तीच भरपाई करत होतात, जिची तिला तितकी गरजच नव्हती. म्हणूनच मधोमधचे शॉट बरोबर गेले आणि फिरकीचे गेले नाहीत.

हे स्वतः मोजून पाहा. क्यू बॉल ठेवा, त्याच्या सरळ समोर साधारण तीन फुटांवर दुसरा बॉल ठेवा आणि त्याच्या बरोबर मध्यावर नेम धरा. मग नेमाची दिशा न बदलता संपूर्ण क्यू समांतर ठेवून उजवीकडे एक टिपभर सरकवा आणि क्यू शक्य तितकी आडवी ठेवून ठाम मारा. क्यू बॉल डावीकडे निसटला असेल तर समोरचा बॉल उजवीकडे जाईल. तो पलीकडच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) जिथे लागेल तिथे कडेवर चॉक ठेवून खूण करा आणि प्रत्येक क्यूने दहा-दहा वेळा हेच करा. हळू मारू नका, कारण हळू शॉटमध्ये, विशेषतः क्यूचा मागचा भाग उचललेला असेल तर, बॉल वळून परत येतो आणि निसटणे झाकले जाते. उजवीकडे सरकताना मध्यापासून १४ मिमीच्या पलीकडेही जाऊ नका. पूल बॉलाचा व्यास ५७.१५ मिमी आहे आणि त्रिज्येच्या निम्म्याच्या पुढे टिप घसरण्याची शक्यता फार वाढते.

वजनाबद्दल थोडक्यात सांगतो. बहुतेक पूल क्यू १८ ते २१ आउन्स, म्हणजे सुमारे ५१० ते ५९५ ग्रॅमच्या असतात. तुम्हाला १९ पासून सुरुवात करता येईल, कारण बऱ्याच क्यूंच्या मागच्या टोकातला बोल्ट बदलून वजन थोडे कमीजास्त करता येते.

खारघरवासी

मी बेलापूरच्या बाजूला बरीच वर्षे स्नूकर खेळून मग पूलकडे आले, त्यामुळे एक वेगळी बाब मांडते. आपल्याकडे ज्यांच्या घरात क्यू असते त्यांच्याकडे ती बहुधा स्नूकरची असते आणि ‘आहे तीच वापर’ असा सल्ला प्रेमाने दिला जातो. दादा, तो सल्ला कोणी दिलाच तर मानू नका. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा आणि हलका असतो, त्याच्यासाठी साडेनऊ मिमीच्या आसपासची टिप आणि पितळी फेरूल नेमके काम करतात. त्याच क्यूने पूलचा ब्रेक (डावाचा पहिला जोरदार शॉट) मारत राहिलात तर टिप लवकर चेपते आणि फेरूलही सैल होऊ शकते. माझी झाली, आणि आवडत्या क्यूची ती अवस्था पाहणे मला फार जड गेले.

हाताला जाणवणारा खरा फरक शाफ्टच्या निमुळतेपणात आहे. स्नूकरचा शाफ्ट टिपेपासून मागे सतत जाड होत जातो. बहुतेक पूल शाफ्ट मात्र टिपेपासून बरेच इंच जवळपास एकाच जाडीचे राहतात, त्यामुळे तर्जनीचे वेटोळे घालून धरलेल्या ब्रिजमध्ये (पुढच्या हाताने क्यूला दिलेल्या आधारात) ते मागेपुढे सारख्याच पकडीने सरकतात. मी उघड्या हाताचा ब्रिज सोडला नाही, म्हणून मला १२ मिमीच्या आतला शाफ्ट बरा वाटतो. तुमचा ब्रिज कोणता आहे हे तुम्ही लिहिलेले नाही आणि जाडी ठरवताना मी सर्वांत आधी तेच विचारले असते.

शिवाय प्रवासाचा विचार करा. ५८ इंचांची पूल क्यू मधोमध सुटते आणि २९ इंचांच्या दोन तुकड्यांत पाठीवर मावते. माझी स्नूकर क्यू तीन चतुर्थांशावर सुटणारी होती, तिचा मोठा तुकडा साडेतीन फुटांचा होता, आणि संध्याकाळी ठाणे–वाशी लोकलमध्ये ती पेटी सांभाळताना मला खेळापेक्षा जास्त घाम फुटत असे.

कोपरी_पूर्व

पोलादी जॉइंट चांगला की लाकडाला लाकूड भिडणारा, यावर फार वेळ घालवू नका. आवाज आणि तोल यांत थोडा फरक पडतो, पण टिपेच्या स्पर्शाच्या इवल्या काळात जॉइंटचे वजन निसटण्यात भाग घ्यायला पोहोचत नाही. जॉइंट पाहायचा तो फट न राहता घट्ट बसतो की नाही यासाठी, आणि त्याचा स्क्रू प्रचलित मापाचा आहे का यासाठी. ५/१६×१४, ५/१६×१८ किंवा ३/८×१० असा असेल तर पुढे दुसरा शाफ्ट मिळवणे सोपे जाते.

सरळपणा तपासताना जोडलेली क्यू टेबलावर लोळवून निकाल देऊ नका. शाफ्ट आणि बट (मागचा जाड भाग) वेगवेगळे लोळवा, मग डोळ्यासमोर धरून त्यांच्या रेषेवरून नजर टाका. ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेली किंवा उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेली जुनी क्यू कोणी स्वस्तात देत असेल, तर हे आधी पाहावे.

वर्तकनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे बरोबर वाटले नाही.

दुसऱ्या क्यूची मऊ टिप झिजलीच होती. तिच्या मालकांच्या परवानगीने मी माझ्या खर्चाने तिच्यावर मध्यम टिप बसवून घेतली आणि रॅकमधल्या माझ्या नेहमीच्या क्यूवर पार्लरच्या मालकांना विचारून अनेक थरांची मऊ टिप बसवली. दोन्हींची गोलाई एक रुपयाच्या नाण्याच्या कडेशी जुळवून घेतली. जो विसावा मला कमी डिफ्लेक्शनच्या शाफ्टचा गुण वाटत होता तो बहुतांशी टिपेबरोबर रॅकमधल्या क्यूवर निघून आला. ती क्यू इतकी वर्षे माझ्या हातात होती, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिने मारावेसे वाटले. चॉकच्या खुणांचा फरक मात्र टिपा बदलूनही तसाच राहिला. रॅकच्या क्यूने समोरचा बॉल उजवीकडे बराच सरकत होता, दुसऱ्या क्यूने त्याच्या निम्म्याहूनही कमी.

खारघरवासी ताई, माझा ब्रिज बंद, वेटोळ्याचा आहे. १३ मिमीची मला सवय आहे, पण १२.५ मिमीच्या एका शाफ्टवर बोट जास्त मोकळे राहिले.

म्हणून सध्या साध्या मेपलच्या शाफ्टची, १९ आउन्सची, साडेबारा मिमीची आणि ३/८×१० जॉइंटची क्यू घ्यावी, तिला मऊ आणि मध्यम यांच्या मधली टिप लावावी आणि उरलेले पैसे पुढच्या वर्षी कमी डिफ्लेक्शनच्या शाफ्टसाठी बाजूला ठेवावेत, असे ठरवत आहे. आता एकच शंका उरली आहे. मुठीला आयरिश लिननचा वेढा असलेली घ्यावी की गुळगुळीत लाकडाची? माझ्या हाताला घाम फार येतो.

पारसिक_डोंगर

तुमच्या जागी मीही हाच क्रम धरला असता. फक्त नवा शाफ्ट आल्यावर दोन्ही आलटून पालटून वापरू नका. नव्यालाच निदान दोन-तीन महिने द्या, नाहीतर डोळा कोणतीच भरपाई पक्की शिकणार नाही.

घाम येत असेल तर लिनन घ्या, ते घाम टिपते. शाफ्टकडच्या हातासाठी तीन बोटांचा हातमोजा वापरा आणि टाल्कम पावडर टाळा, कारण ती टेबलाच्या कापडावर सांडते. खेळून झाल्यावर शाफ्ट आधी घट्ट पिळलेल्या ओलसर कापडाने आणि लगेच कोरड्याने पुसून पेटीत ठेवा. जून ते सप्टेंबर हे एक दिवसही चुकवू नका.