मदत हवी आहे: लोणारच्या विवराचं वय कोणतं सांगू?

येत्या सुट्टीत आमच्या सोसायटीतली पंधरा-वीस मुलं लोणारला नेतोय आणि माहिती सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी मूळचा हिशेबनीस, खडकांचा नाद निवृत्तीनंतरचा. चुकलं तर कान धरा.

बहुतेक ठिकाणी 52 हजार वर्षं छापलेलं असतं. उल्केच्या आघाताने खडक वितळून झालेल्या काचेवरून थर्मोल्युमिनेसन्सने (तापवल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून) काढलेलं ते वय. पण 2011 साली अशाच काचेवरून आरगॉन-आरगॉन पद्धतीने (खडकातल्या पोटॅशियमपासून हळूहळू साठणाऱ्या आरगॉन वायूवरून) आलं 5 लाख 70 हजार! हिशेबात शंभर रुपयांचा घोळ झाला तरी आमचे साहेब वही फेकायचे, इथे दहापट.

मला कळलंय ते असं. बेसाल्ट, म्हणजे इथला काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांचा. तो वितळला की आतला जुना आरगॉन निघून जायला हवा, म्हणजे घड्याळ शून्यावर. थोडा आत अडकून राहिला, तर वय फुगणार. सजीवांच्या अवशेषांचं वय काढणारा कार्बन-14 पन्नास हजार वर्षांच्या आसपास दम तोडतो, त्यामुळे त्याचीही फारशी मदत नाही.

म्हणून तिसरा साक्षीदार शोधतोय. वैश्विक किरणांमुळे उघड्यावरच्या दगडात बेरिलियम-10 हे किरणोत्सारी मूलद्रव्य साठत जातं, अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे 14 लाख वर्षं. ते मोजतात क्वार्ट्झमध्ये, म्हणजे गारेच्या खनिजात. आपल्या काळ्या दगडात क्वार्ट्झ कुठला? पोकळ्यांतल्या गारगोट्या चालतील का? आणि विवराची कड झिजली असेल तर?

प्रतिसाद:
काका, लोणारवर बेरिलियम-10 आणि तसंच किरणांमुळे साठणारं ॲल्युमिनियम-26 या जोडीने काम झालंय, 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. वय हजारांत येतं, लाखांत नाही. किरणांचा मारा बेसाल्टमध्ये साठेक सेंटिमीटर खोल गेलं की साधारण एक-तृतीयांश उरतो. त्यामुळे खोलातून उडून वर आलेल्या दगडाची पाटी जवळजवळ कोरी असते, म्हणजे मोजणी आघातापासूनच सुरू होते. झिजेची शंका रास्त आहे. वरचा थर गेला की साठलेलं बेरिलियमही गेलं, म्हणून ते वय 'निदान इतकं' असं वाचायचं.

धागाकर्ता:
आभार! म्हणजे एक पद्धत वय फुगवू शकते, दुसरी घटवू शकते. मुलांना दोन्ही आकडे कारणांसकट सांगतो. पण झीज किती धरायची हे ठरवतात कसं? एकाच कडेवरचे बरेच दगड मोजून सगळ्यात जास्त वय घेतात का?