अशक्त घोडी सांभाळायला घेतली आहे. खुराक कसा वाढवावा?

प्रश्न: माथेरानला ओझी वाहिलेली एक वयस्क घोडी आम्ही नेरळजवळच्या आमच्या वाडीत आणली आहे. तिच्या बरगड्या मोजता येतात आणि चघळलेल्या गवताचे बोळे तोंडातून खाली पडतात. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, भरपूर द्यावी, असे शेजारी सुचवतात. ते योग्य ठरेल का?

उत्तर १: कृपया चंदी आत्ताच देऊ नका. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम धान्य दिले, तर इन्सुलिन वाढून रक्तातील फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पेशींत ओढले जातात, त्यांची रक्तातील पातळी घसरते आणि हृदय बंद पडण्याचीही भीती असते. पहिले तीन दिवस दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, साधारण अर्धा किलो वाळलेला लसूणघास (ल्यूसर्नचा चारा) द्यावा, मग दहा दिवसांत हळूहळू प्रमाण वाढवावे. पाणी सतत समोर असावे. हे सर्व पशुवैद्यकांच्या देखरेखीखालीच करावे.

उत्तर २: गवताचे बोळे पडणे हे दातांच्या दुखण्याचे लक्षण आहे. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात व त्यांच्या कडा धारदार होऊन गाल सोलतात. त्या घासून घ्याव्यात. जंतनाशक देण्यापूर्वी लीद तपासावी. नालबंदाला दर सहा ते आठ आठवड्यांनी बोलवावे.

उत्तर ३: रोज हलक्या हाताने खरारा करा, म्हणजे ब्रशने अंग घासा. माझ्या घोडीने त्या वेळी मान खाली सोडून डोळे मिटले, तेव्हा तिला आमचा विश्वास वाटू लागल्याचे मला प्रथम जाणवले.