मदत हवी आहे: गावच्या क्लबात मुलांना शिकवणाऱ्या कोचची पडताळणी कशी करायची? (गोवा)

मैदानमाती

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातला आमचा नोंदणीकृत क्लब आहे, फुटबॉल आणि क्रिकेट. ७ ते १६ वयाची साठेक मुलं-मुली येतात. कोच चार: एकाला मानधन आहे, दोघे गावचेच हौशी, चौथा केरळचा, फर्मागुडीला भाड्याने राहतो. सुट्टीतलं शिबिर तोंडावर आलंय आणि पालक विचारताहेत की या लोकांची चौकशी कोणी केली आहे का. समितीकडे फक्त आधारच्या झेरॉक्स आहेत.

कायद्याने नेमकं काय लागतं? पोलिसांकडे काय मागायचं? आणि हौशी कोचनाही हे लागू होतं का? गावात "आमच्यावर संशय घेता?" असं म्हणतील, याची धास्ती आहे.

कुळागर

पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी कोचवर नाही, क्लबवर आहे. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. त्याचे नवे नियम ९ मार्च २०२० पासून लागू झाले. त्यातला नियम ३ वाचा. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पूर्वचौकशी ठरावीक काळाने करायची आहे, आणि त्या यादीत शाळा, पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादमी स्पष्ट लिहिलेली आहे. कायम असो वा कंत्राटी, सगळे आले. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल त्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यायचं, हेही तिथेच आहे.

किती वर्षांनी, हा आकडा नियमात नाही. तो तुम्ही ठरावात घाला: नेमताना एकदा, मग दर दोन वर्षांनी पोलीस पडताळणी आणि दर वर्षी स्वयंघोषणा.

हौशी माणूस शब्दशः कर्मचारी नाही हे खरं. पण मुलांना नेटवर आणि सामन्याच्या गाडीत तोच नेतो. एकालाही सूट देऊ नका. अध्यक्ष, खजिनदार, किट सांभाळणारा, गाडीचा चालक, सगळ्यांनी त्याच दिवशी अर्ज भरला की "माझ्यावरच संशय का" हा सवाल उरत नाही.

कागदपत्रे

पोलिसांच्या बाजूचं सांगतो.

अर्ज क्लबच्या लेटरहेडवर करा. हेतू स्पष्ट लिहा: "१८ वर्षांखालील मुलांना क्रीडा प्रशिक्षण देण्यासाठी पूर्वचारित्र्य पडताळणी". नुसतं "नोकरीसाठी" लिहिलं की कागद सर्वसाधारण वाटेने जातो आणि मुलांचा संबंध वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतो. सोबत सोसायटी नोंदणीचा दाखला, समितीचा ठराव, कोचचे दोन फोटो, ओळखपत्र, सध्याचा आणि कायमचा पत्ता, आणि मागच्या पाच वर्षांत कुठून कुठपर्यंत कुठे राहिला याची तारखांसह यादी. ही यादी कोणी मागत नाही, पण खरं काम तीच करते. ज्या हद्दीत माणूस राहतो त्या ठाण्यात आधी विचारा, अर्ज गोवा पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून टाकायचा की हातात द्यायचा.

अडतं कुठे? सगळ्यात जास्त पत्त्यावर. आधारवर गावचा पत्ता, राहतो भाड्याच्या खोलीत, बीटवरचा पोलीस येतो तेव्हा दाराला कुलूप, आणि शेरा पडतो "पत्त्यावर आढळला नाही". त्यामुळे अर्जावर संध्याकाळी घरी असण्याची वेळ आणि घरमालकाचा फोन लिहून द्या.

तुमच्या चौथ्या कोचची पडताळणी त्याच्या मूळ गावच्या ठाण्यातूनही व्हायला हवी. फोंड्याचा कागद फोंड्यापुरतं सांगतो. याला आठवडे लागतात, म्हणून आजच अर्ज करा.

मैदानमाती

त्याच्या घरमालकाने भाडेकरूचा फॉर्म ठाण्यात दिला आहे, शिक्क्याची प्रत आहे. ती चालेल का? आणि एकाकडे पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) आहे, दुबईसाठी काढलेलं.

कागदपत्रे

नाही चालणार, दोन्ही. भाडेकरूचा फॉर्म म्हणजे घरमालकाने पोलिसांना दिलेली माहिती. शिक्का "मिळाला" एवढंच सांगतो, "तपासला" असं नाही. गोव्यात ही गल्लत फार होते. पासपोर्टचं पीसीसी परदेशी जाण्यासाठी असतं आणि ते काढल्या दिवसापर्यंतचं असतं. फाइलला लावून ठेवा, पण नवा अर्ज करा.

सातेरी

एक गोष्ट गोव्याबाहेरच्या लोकांना सुचणार नाही: नावाचं स्पेलिंग. आपल्याकडे इंग्रजीत देसाई एक एसने लिहितात आणि दोन एसनेही. शिरोडकर एस-एचने आणि जुन्या कागदांत एक्सने. नाईकाच्या शेवटी के किंवा क्यू-यू-ई. प्रभू, परब, पोरोब यांचा घोळ वेगळाच. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो, पण तिथे जिल्हा, न्यायालय आणि वर्ष निवडावं लागतं. एकच स्पेलिंग टाकून "काही सापडलं नाही" म्हणणं म्हणजे शोधलंच नाही. कोचकडून त्याच्या नावाची सगळी रूपं लिहून घ्या: जन्मदाखल्यावरचं, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं, आधारवरचं. १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली नाव बदललं असेल तर आधीचं नावही घ्या.

उलट बाजूही सांभाळा. त्याच नावाचा दुसराच माणूस सापडू शकतो. वडिलांचं नाव, वय, पत्ता जुळल्याशिवाय तोंडातून शब्द काढू नका. आधी कोचलाच बोलावून विचारा.

आणि लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही शोधत बसू नका. २०१८ पासून आहे, पण ती तपास यंत्रणांसाठी आहे, क्लबला उघडत नाही.

कुळागर

सातेरीताईंशी पूर्ण सहमत. त्यापुढचं सांगतो, कारण पोलिसांचा दाखला हाती आला की समित्या निर्धास्त होतात. ज्याच्याविरुद्ध तक्रारच झाली नाही त्याचा दाखला कोराच येतो. फातोर्ड्यात अनाथ मुलांचा आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला मुलांच्या लैंगिक शोषणावरून १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. तोवर समाजात तो मुलांसाठी झटणारा म्हणूनच वावरत होता. गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला, पणजीत बाल न्यायालय आहे, ते उगाच नाही.

म्हणून आधीच्या दोन क्लबांना किंवा शाळांना फोन करा. कोचने दिलेल्या मोबाइलवर नको. त्या संस्थेचा नंबर स्वतः शोधा, नाहीतर तो त्याच्या मित्राचा निघायचा. तीन प्रश्न पुरेत: कधीपासून कधीपर्यंत होता? का सोडलं? मुलांसाठी पुन्हा घ्याल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला तर तेही तारखेसह वहीत लिहा. बायोडेटामधलं रिकामं वर्षही विचारा.

स्वयंघोषणेचा मजकूर असा ठेवा: "माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही, आरोपपत्र किंवा खटला प्रलंबित नाही, शिक्षा झालेली नाही. मुलांशी गैरवर्तनाच्या तक्रारीवरून कोणत्याही संस्थेने मला काढलेले किंवा राजीनामा द्यायला सांगितलेले नाही. यात बदल झाल्यास तीन दिवसांत कळवीन." शेवटून दुसरं वाक्य सर्वांत मोलाचं, कारण ते पोलिसांच्या कोणत्याही नोंदीत नसतं.

पाणवठा

फुटबॉल कोचचं डी लायसन्स किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा दाखवून "मी तपासलेला आहे" म्हणणारे असतात. ती खेळ शिकवण्याची पात्रता आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. दोन्ही हवेत.

हिवाळ्यात किनारपट्टीवर परदेशी पाहुणे "फुकट शिकवतो" म्हणून येतात. पर्यटक व्हिसावर नियमित कोचिंग करता येत नाही, तिथेच थांबवा. रीतसर व्हिसावर असेल तर त्याच्या देशाचा दाखला मागा. ब्रिटनमध्ये परदेशात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय बाल संरक्षण प्रमाणपत्र वेगळं मिळतं.

मैदानमाती

फार उपयोगी. दोन शंका. दाखले येईपर्यंत शिबिर थांबवायचं का? आणि १७ वर्षांचा सीनियर खेळाडू लहानांना सराव देतो, त्याचं काय?

सातेरी

शिबिर थांबवू नका, नियम घट्ट करा. दाखला न आलेला कोच एकटा नको. मैदानावर कायम दुसरी प्रौढ व्यक्ती, मुली असतील तर त्यात एक बाई. कपडे बदलायच्या खोलीत कोच जाणार नाही. एका मुलाला एकट्याने गाडीवरून सोडणार नाही. निरोप पालकांच्या ग्रुपवर, मुलाला खासगीत नाही. हे पाच ओळींत लिहून मैदानाच्या फाटकावर लावा.

१७ चा मुलगा स्वतःच मूल आहे. त्याची पोलीस पडताळणी नको. तो कायम प्रौढ कोचच्या नजरेखाली. १८ पूर्ण झाले की अर्ज.

कुळागर

आणि तक्रार आलीच तर समितीत चौकशी करत बसू नका. पोक्सो कलम १९ प्रमाणे नुसती शंका असली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. फोन १०९८ (बाल हेल्पलाइन) किंवा ११२. कलम २१ खाली न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसलेल्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत, वर दंड. मुलाचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर कुठेही जाता कामा नये.

सगळे कागद कुलूपबंद फाइलमध्ये, चावी दोघांकडेच. आधारची प्रत शेवटचे चार आकडे दिसणारी, मास्क केलेली घ्या. समितीच्या ग्रुपवर फोटो टाकू नका.

मैदानमाती

ठराव आणि लेटरहेड उद्या तयार होतील. पहिला अर्ज अध्यक्षांचाच जाईल. केरळच्या कोचकडून पाच वर्षांच्या पत्त्यांची यादी आजच मागवली आहे.

कागदपत्रे

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यायला विसरू नका. पंधरा दिवसांनी विचारायला जाल तेव्हा तो क्रमांकच लागतो.