परदेशी कोण जातं: गरीब की ऐपतदार?

तापीकाठ
'इथं भागत नाही म्हणून लोक परदेशी जातात' हे वाक्य खान्देशाच्या नकाशावर ठेवून बघा, टिकत नाही. सर्वांत गरीब तालुके म्हणाल तर धडगाव, अक्कलकुवा. तिथली माणसं ऊसतोडीला गुजरातेत बारडोली-मढीकडे जातात, टोरांटोला नाही. कॅनडा-जर्मनीच्या फायली निघतात त्या रावेर-यावलच्या केळीवाल्या नि जळगावच्या पगारदार घरांतून.

प्रश्न एवढाच असतो की निघण्याआधीचा पैसा कोण घालतो. ऊसतोडीत मुकादम कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडीला, आगाऊ उचल देतो, ट्रक दारात आणतो. खिशात दमडी नसली तरी निघता येतं. (ती उचल पुढं कशी मानगुटीवर बसते, तो वेगळा धागा.) परदेशाच्या बाबतीत सगळं उलटं. कॅनडाच्या स्टडी परमिटला कॉलेजची फी सोडून वर्षाच्या खर्चापोटी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवा, जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) ११,९०४ युरो भरा. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नं शेतजमीन वसुलीतून वगळलेली, त्यामुळे सातबारा पाहून मॅनेजर तो परत सरकवतो. एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट नाहीतर एफडी हवी. धडगावच्या वनहक्क पट्ट्याचं तर विचारूच नका. २००६ च्या कायद्यानं तो वारसाला मिळतो, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

म्हणून देश जरा सावरला की बाहेर जाणारे कमी होत नाहीत, वाढतात. मायकल क्लेमेन्स या अर्थतज्ज्ञाची मांडणी हीच आहे. क्रयशक्तीच्या हिशेबानं दरडोई उत्पन्न साधारण ८ ते १० हजार डॉलर होईपर्यंत स्थलांतर चढतं, मग उतरायला लागतं.

कोरडवाहू
तुम्ही कोण जाऊ शकतो ते सांगितलंत. का जातो ते राहूनच गेलं. ऐपत तर जपानी माणसाकडेही आहे, तो निघतो का भारतात नोकरीला?

मूळ कारण मजुरीतली तफावत. तोच वेल्डर, तीच वेल्डिंग, देश बदलला की पगार काही पटींनी बदलतो. इकडं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला ७,५२१ रुपये क्विंटल होता. त्यातून वेचणी, फवारणी, खत वजा करा आणि कोरडवाहूत एकरी किती क्विंटल निघतो ते चोपडा-पारोळ्यात कुणालाही विचारा. हा माणूस तुमच्या हिशेबात धरलेलाच नाही.

आणि क्लेमेन्सची ती टेकडी बरीचशी एकाच वेळी वेगवेगळे देश शेजारी मांडून दिसते. एकच देश वीस-तीस वर्षं श्रीमंत होताना तसाच वागतो का, यावर अभ्यासकांचं भांडण अजून चालू आहे. त्यावर अख्खा युक्तिवाद उभा करू नका.

उधना_पॅसेंजर
भाऊ, दोन्हीसनं खरं शे, पन सुरत कोठे गई?

सुरतच्या लिंबायत-उधन्यात अर्धा खान्देश बसला आहे. भुसावळ-सुरत मार्गावर गाडीत बसायचं, उतरल्यावर गाववाल्याची खोली, दुसऱ्या दिवशी लूमवर. तिथं एनए प्लॉट लागला नाही. स्थलांतराचे नियम मांडणाऱ्या रॅव्हेनस्टाइननं १८८५ मध्येच लिहून ठेवलंय, बहुतेक माणसं जवळ जातात आणि टप्प्याटप्प्यानं जातात. पहिला माणूस पोचला की पुढच्याचा खर्च नि धोका दोन्ही उतरतात. गावातून परदेशी पहिला कोण गेला आणि कुठं, हे कळलं की पुढचे कुठं जाणार ते बऱ्यापैकी सांगता येतं.

शिक्का_नंतर_बोला
आखाताबद्दल कुणी नीट बोलतच नाही. दहावी नापास माणसाचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीला सरकारी मंजुरी लागणारा, असतो. १८ देशांत नोकरीला जाताना त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, ती ई-मायग्रेट पोर्टलवरून. नोंदणीकृत एजंटनं घ्यायची फी जास्तीत जास्त ३०,००० अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४००. पावती घ्यायचीच. प्रवासी भारतीय विमा दोन वर्षांना २७५ रुपये, संरक्षण १० लाखांचं.

बिघडतं ते इथं. एजंट म्हणतो, 'मंजुरीला वेळ लागतो, व्हिजिट व्हिसावर चल, तिकडं बदलू.' मग करार पोर्टलवर चढत नाही, विमा नाही. उतरल्यावर दुसरा कागद पुढं येतो, त्यात हुद्दा वेगळा, पगार कमी. परत फिरावं तर सावकाराचं व्याज घरी चालू. म्हणून कोरडवाहू यांच्याशी मी अर्धाच सहमत. तफावत ओढते, पण पहिले बरेच महिने ती तफावत सावकाराच्याच घरी जाते.

तापीकाठ
@शिक्का, म्हणजे माझंच म्हणणं झालं. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात तत्त्व असं की भरतीचं शुल्क कामगाराकडून घेऊ नये. आपल्याकडं ३५,४०० कायद्यानंच घेता येतात. मालकानं भरायचे ठरले तर धडगावचा माणूसही रांगेत दिसेल.

कोरडवाहू
दिसेल की, पण तिकडं जागा असेल तर! जर्मनीनं २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजार करायचं ठरवलं. आपल्याकडची गरिबी त्या वर्षी साडेचार पट झाली नव्हती. त्यांच्याकडं म्हातारे वाढले नि हात कमी पडले. दार किती उघडायचं ते आतला ठरवतो.

पाच_नंबर_नळ
आणि त्या ९० हजारांत शिरायला बऱ्याच कामांना बी-वन, बी-टू म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन लागतं. धुळ्यात क्लास शोधा, फी विचारा, आणि तेवढे महिने पोराची मजुरी बुडवून बघा. फिरून गाडी ऐपतीवरच येते की नाही? तापीकाठ, एक मुद्दा तुमच्या विरोधातही आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळचा १९.७. तो आकडा अख्ख्या राज्याचा आहे. मुंबई-पुणं बाजूला काढल्याशिवाय रावेरच्या केळीवाल्यांचा पुरावा म्हणून तो इथं कुणी आणू नका.