लॉन चेनीकडून नेमके काय शिकावे : रंगभूषा की अंगाभिनय?

प्रश्न : तालीम_सदाशिव

नमस्कार. पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या महाविद्यालयाची मुले जी एकांकिका बसवत आहेत, तिच्यात पाठीला कुबड असलेले आणि जवळजवळ न बोलणारे एक पात्र आहे. संदर्भ म्हणून मी त्यांना लॉन चेनी या अमेरिकन चरित्र अभिनेत्याचा १९२३ सालचा 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' हा मूकपट दाखवला. तेव्हापासून तालमीत कुबड कशाचे करायचे, डोळा कसा झाकायचा आणि दात कुठून आणायचे, एवढीच चर्चा चालते. चेनी स्वतःची रंगभूषा स्वतः करीत असे आणि 'हजार चेहऱ्यांचा माणूस' ही त्याची ख्याती त्यामुळेच झाली, हे मुलांचे म्हणणे खोटे नाही. तरीही फटके खाल्ल्यानंतर तो पाणी मागतो, तो प्रसंग दुसऱ्यांदा पाहताना मला वाटले की इतक्या थरांखालून जे आपल्यापर्यंत पोहोचते, ते रंगाने पोहोचत नाही. हे मुलांना कसे पटवावे आणि त्याचे कोणते काम दाखवावे, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : खुणांची_भाषा

सर, आपल्याला जे वाटले त्याचे मूळ चेनीच्या घरात आहे. त्याचा जन्म १८८३ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे झाला. त्याचे आई आणि वडील दोघेही कर्णबधिर होते, वडील न्हाव्याचा व्यवसाय करीत, आणि आईच्या वडिलांनी तर १८७४ साली त्या भागात कर्णबधिरांसाठी शाळाच काढली होती. चेनी लहान असताना आई संधिवाताने अंथरुणाला खिळली, तिच्या शुश्रूषेसाठी त्याने शाळा सोडली, आणि गावात दिवसभर काय घडले, कोण कसे चालले, कोण कोणावर रागावले, हे तो तिला हातांनी आणि चेहऱ्याने करून दाखवीत असे.

मी पुण्यात कर्णबधिर मुलांना अनेक वर्षे शिकवीत आहे, म्हणून हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. मागच्या आठवड्यात माझ्या वर्गातील एक मुलगी सकाळी घरी नळाला पाणी आले नाही, एवढेच सांगत होती. तिने नळ फिरवला, खाली वाकून तोटीत पाहिले, थांबली, पुन्हा फिरवला आणि मग तिचे खांदे असे पडले की रिकामी बादली मला दिसली. खुणांच्या भाषेत भुवई, मान आणि खांदा हे व्याकरणाचाच भाग असतात. ते नुसती शोभा म्हणून येत नाहीत. चेनीला हे सारे रंगभूमीवर पाऊल ठेवण्याआधीच येत होते. १९३० साली, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्याचा अंत झाला. अखेरच्या दिवसांत वाचा गेल्यावर तो पुन्हा त्याच खुणांनी बोलत होता, असे त्याच्याविषयी सांगितले जाते, आणि ते वाचताना माझे डोळे भरून आले होते.

उत्तर २ : रंगपट_जुना

ताईंनी फार सुंदर लिहिले आहे. मी रंगभूषाकार आहे, तेव्हा माझ्या बाजूचे लिहितो.

१९२५ सालच्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा'मधील मुखवटा उतरण्याचा क्षण मी किती वेळा थांबवून पाहिला असेन, याची गणती नाही. माशाची पातळ त्वचा चिकटवून नाकाचा शेंडा वर ओढलेला, नाकपुड्या काळ्या केलेल्या, डोळ्यांभोवती गडद रंग आणि गालांची हाडे कापसाने व कलोडियनने (वाळल्यावर त्वचेवर घट्ट पापुद्रा धरणाऱ्या द्रवाने) उचललेली. यात रबराचा तयार मुखवटा कुठेही नाही. स्वतःच्या चेहऱ्याचा स्नायू न् स्नायू हलता राहावा, अशा बेताने ते काम केलेले आहे, आणि माझ्या मते त्याची खरी थोरवी तिथेच आहे. इतक्या अधिकाराचा हा माणूस होता की १९२९ सालच्या 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'तील रंगभूषेवरील लेख त्याच्याकडून लिहून घेण्यात आला. त्याची रंगभूषेची पेटी लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहे.

एक कळकळीची सूचना करतो. 'द पेनल्टी'साठी त्याने पाय गुडघ्यांतून मागे बांधून घेतले आणि अतोनात वेदना सोसल्या. मुलांनी याचे अनुकरण मुळीच करू नये. कलोडियनही मुलांच्या हाती देऊ नका. एका स्पर्धेत घाईघाईने लावलेल्या स्पिरिट गमने (दाढीमिशा चिकटवण्याच्या डिंकाने) एका नटाचा गाल सोलवटलेला मी पाहिला आहे, आणि त्याने तशाच अवस्थेत प्रयोग पूर्ण केला होता. आधी कानामागे थोडासा गम लावून एक दिवस थांबावे.

उत्तर ३ : मूकपट_लॉ_कॉलेज

मुलांना टॉड ब्राउनिंग दिग्दर्शित 'द अननोन' (१९२७) दाखवा. नायिकेला पुरुषांच्या हातांचा तिटकारा असतो; तिच्यासाठी सर्कशीत हात नसल्याचे सोंग करणारा अलॉन्झो, म्हणजे चेनी, स्वतःचे दोन्ही हात खरोखर कापून घेतो आणि परत येतो तेव्हा ती भय विसरून दुसऱ्याच्या मिठीत सुखावलेली असते. त्या क्षणी चेनी हसू लागतो आणि त्याच हास्याचा हळूहळू आक्रोश होतो. तिथे रंगभूषा नावापुरती आहे आणि हात तर अंगाशी बांधलेले आहेत. पायांनी वस्तू हाताळण्याच्या दृश्यांत मात्र हात नसलेल्या एका कलावंताचे पाय वापरले होते, हेही मुलांना प्रामाणिकपणे सांगावे. १९२६ सालच्या 'टेल इट टू द मरीन्स'मध्ये त्याचा स्वतःचा उघडा चेहरा दिसतो, आणि १९३०च्या 'द अनहोली थ्री' या त्याच्या एकमेव बोलपटात त्याने निरनिराळे पाच आवाज काढले.

जे उरले आहे ते पाहून घ्यावे, कारण त्याचे बहुतेक काम नष्ट झाले आहे. 'लंडन आफ्टर मिडनाइट'ची शेवटची ज्ञात प्रत १९६५ साली स्टुडिओच्या कोठाराला लागलेल्या आगीत जळाली. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या चित्रफितींच्या, कोठाराला आग लागली, तेव्हा आपणही हेच दुःख अनुभवले आहे.

तालीम_सदाशिव

आपणा सर्वांचा मनापासून ऋणी आहे. काल कुबड, दात, सगळे बाजूला ठेवून तालीम घेतली आणि ताईंच्या विद्यार्थिनीचा नळाचा प्रसंग त्या मुलाला करायला सांगितला. पहिल्या तीन वेळा तो केवळ हातवारे करीत होता. चौथ्या वेळी त्याने तोटीखाली ओंजळ धरली आणि ती रिकामीच मागे घेतली, तेव्हा विंगेत बोलत बसलेली मुले गप्प झाली. ताई, आपल्या शाळेची परवानगी असेल, तर एखाद्या शनिवारी या मुलांना आपल्या वर्गात तासभर बसवता येईल का?