मदत हवी आहे: थंडीत पायाची बोटं बधिर होतात

मंडळी, मी सायकल शर्यतींत उतरतो, सध्या हिवाळ्यातल्या लांब, संथ राइड्स चालू आहेत. पहाटे ५ अंशांत ताशी ३० किमीने निघालं की वाऱ्यामुळे ते शून्यासारखंच लागतं. अंग तापतं, हातमोज्यांत हातही निभावतात. पायाची बोटं मात्र दीड तासात बधिर! मोज्यांवर मोजे चढवले, तर बूट आवळून रक्तच अडलं. (ही अक्कल यायला दोन हिवाळे गेले.) बुटांवर कव्हर घालतो, तरी तळाच्या क्लीटच्या (बूट पेडलला अडकवणाऱ्या तुकड्याच्या) भोकांतून गारवा शिरतोच. तिथे आतून काय लावता? हिवाळ्यासाठी एक नंबर मोठे बूट घेतलेत का कुणी? पेडल मारताना पाय आत सरकतो का? घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) चालव, एवढं मात्र सांगू नका; चार भिंतींत डोकं फिरतं माझं.